टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईड जोरात चाललंय? नाही!

‘टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईड जास्त काम करतंय, गोळी लगेच बंद करा’ असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. कृपा करून त्यावर विसंबून गोळी सोडू नका.

टीएसएच हे गळ्यातल्या थायरॉईडचं हार्मोन नव्हेच. ते तयार होतं मेंदूच्या तळाशी, कवटीच्या खोबणीत बसलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत. तिच्या वर हायपोथॅलॅमस हा मेंदूचा छोटा भाग. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हायपोथॅलॅमस टीआरएच (पिट्युटरीला जागं करणारं हार्मोन) सोडतो आणि पिट्युटरी टीएसएच वाढवते. ही थायरॉईडला मारलेली हाक. समोरून ओ आली नाही की हाक मोठी होते. म्हणून रिपोर्टवर टीएसएच १२, म्हणजे वाढलेलं, आणि टी-४ (थायरॉईडचं मुख्य हार्मोन) कमी दिसलं, तर थायरॉईड मंदावलंय. गोळीने टी-४ भरून निघालं की टीएसएच उतरतं, पण लगेच नाही. रक्तातलं टी-४ निम्मं व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. डोस बदलल्यावर सहसा ६ ते ८ आठवड्यांनी तपासणी सांगतात ती त्यामुळेच.

एक गोष्ट मात्र मला जास्त काळजीची वाटते. कधी हाक मारणारी पिट्युटरीच आजारी असते, उदाहरणार्थ बाळंतपणात फार रक्त गेल्यावर. मग टी-४ घसरलेलं असूनही टीएसएच ‘नॉर्मल’ येऊ शकतं. बाईला दूध येत नाही, पाळी परतत नाही, आणि घरचे म्हणतात, जागरणाचा थकवा आहे. अशा वेळी डॉक्टरांना फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं टी-४) आणि कॉर्टिसॉल (पिट्युटरीच्याच हाकेवर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत बनणारं हार्मोन) यांच्या तपासणीबद्दल आवर्जून विचारा.