लँडलाइन काढण्याआधी हॉटस्पॉट खिडकीत ठेवून बघा

लँडलाइन काढून मोबाइल हॉटस्पॉट (सिमवर चालणारी वाय-फायची डबी) घ्या, असा सल्ला एका लेखात वाचला; आम्ही तो दोन वर्षांपूर्वीच अमलात आणला. पावसाळ्यात तार तुटली की पंधरा-पंधरा दिवस कोणी फिरकायचं नाही. पण आमचं घर जांभ्या दगडाचं. डबी मधल्या खोलीत ठेवली तर सिग्नलची एकच कांडी, माडीच्या खिडकीत टॉवरकडे तोंड करून ठेवली तर चार! डबीच्या सेटिंगमध्ये वाय-फायचा बँड २.४ गिगाहर्ट्झवर ठेवा, ५ गिगाहर्ट्झचं भिंतीपलीकडे फारसं पोचत नाही. एक मात्र सलतं. लाइट गेली तरी जुना फोन चालायचा, कारण त्याला वीज तारेतून टेलिफोन एक्स्चेंजमधूनच यायची. आता टॉवरची बॅटरी उतरली की गावी एकट्या असलेल्या आईला साधा फोनही लागत नाही.