बिलीरुबिन वाढलं म्हणजे लिव्हर गेलं असं नाही

"बिलीरुबिन १ च्या वर गेलं की लिव्हर खराब. गोळ्या-औषधं नकोत, काविळीची माळ घाला, हळद बंद करा. आणि बिलीरुबिन नॉर्मल असेल तर लिव्हर ठणठणीत." हा मेसेज जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. मी लॅबमध्ये रक्त घेतो. हा मेसेज वाचून घाबरलेली माणसं रोज समोर बसतात, म्हणून लिहितोय.

पहिलं, '१ च्या वर'. तांबड्या पेशी साधारण १२० दिवसांनी मोडतात, त्यातून बिलीरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. लिव्हर त्यावर प्रक्रिया करून ते पित्तातून बाहेर टाकतं. प्रक्रियेआधीचं इनडायरेक्ट, नंतरचं डायरेक्ट. रिपोर्टात या दोन ओळी वेगळ्या असतात त्या यासाठीच. चैत्रात उपवास धरून सप्तशृंग गडावर पायी जाऊन आलेल्या एका पोराचं टोटल २.३ निघालं. बाप काउंटरला धरून उभा, "भाऊ, मन्हा पोऱ्यानं लिव्हर खराब व्हई गयं का?" डायरेक्ट ०.४, म्हणजे बाकी सगळं इनडायरेक्ट. एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि हिमोग्लोबिन नॉर्मल. डॉक्टरांनी गिल्बर्ट सिंड्रोम सांगितला. हा जन्मजात असतो. उपाशी राहिलं, दमलं की आकडा चढतो. लिव्हरला इजा होत नाही.

नंदुरबारकडच्या, धडगाव-अक्कलकुव्याच्या लोकांनी पुढचं नीट वाचा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी १०-२० दिवसांतच मोडतात, म्हणून इनडायरेक्ट वाढतं. लिव्हर धड असूनही डोळे पिवळे! अशा लेकराच्या गळ्यात माळ घालून हात-पाय दुखण्याकडे दुर्लक्ष केलं, तर खरा आजार हाताबाहेर जातो. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

माळ लांबते म्हणून लोक विश्वास ठेवतात. पण तिच्यातल्या ओल्या काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल पडतात, दोरा लांबतो. हिपॅटायटिस ए आणि ई (विषाणूंमुळे होणाऱ्या काविळी) बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय माळेला जातं. गरोदर बाईला मात्र ई जिवावर बेतू शकतो, तिथे एक दिवसही घालवू नका.

हळदीचा पिवळेपणा रक्तात उतरत नाही. भाजीत घाला.

शेवटचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. फॅटी लिव्हर, अगदी सुरुवातीचा सिरोसिससुद्धा (लिव्हर व्रणांनी कडक होणं), नॉर्मल बिलीरुबिनमागे लपू शकतो. एसजीपीटी, अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) सोबत बघावे लागतात. आणि डायरेक्ट जास्त, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज असं असेल, तर पित्तनळीत खडा किंवा गाठ अडकलेली असू शकते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सोनोग्राफीचं विचारा.