वेबसाईटचा मजकूर धंद्याच्या मोबाईलमध्येच पडलेला असतो

सोलापुरात कुणाची वेबसाईट करायची म्हटलं की पहिली मीटिंग कलरवर होते. निळा घ्यायचा का मरून, वरती सिद्धेश्वर मंदिराचा फोटो सरकता ठेवायचा का, मालकांचा फोटो गोल का चौकोनी. मजकुराचं काय विचारलं की ठरलेलं उत्तर, "टाका की तुम्हीच चांगलं काहीतरी." मी याच कामावर पोट भरतो म्हणून स्पष्ट बोलतो, आधी डिझाईन आणि मग उरलेल्या जागेत मजकूर कोंबायचा ही जी सवय लागलीय ना, तिच्यामुळंच आपल्याकडच्या साईटी चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारख्या दिसतात.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरवाल्या अण्णांनी मला "आमच्याविषयी"साठी दोन पानं लिहून दिली होती, आजोबांच्या हातमागापासून ते "गुणवत्ता हाच ध्यास" पर्यंत सगळं. म्हटलं अण्णा ते राहू द्या बाजूला, तुमचा धंद्याचा मोबाईल द्या जरा. व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर नुसते प्रश्न. सिंगल का डबल? रंग जातो का? मशीनला धुतली तर चालते का? कमीत कमी किती नग घ्यावे लागतील? जीएसटी बिल मिळतंय का? नागपूरला पाठवायचं तर ट्रान्सपोर्ट कुणाकडं? अण्णा दिवसभर हीच उत्तरं टाईप करत बसतात. आणि मला म्हणतात, "हे काय लिहायचं असतंय व्हय बे वेबसाईटवर?" हेच लिहायचं असतंय की अण्णा!

एका लॉजवाल्यानं टॉवेलचा जीएसएम विचारला होता, त्याला उत्तर गेलं होतं "एकदम भारी क्वालिटी". आता जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, ४०० जीएसएमचा ३० बाय ६० इंची टॉवेल साधारण ४६५ ग्रॅम भरतो, आणि लॉजवाल्याला धुलाई आणि वाळवणीचा हिशोब त्यावरच लावायचा असतो. एवढी एक ओळ साईटवर असती तर तो माणूस पुढं रेटवर तरी बोलला असता.

लोक वाचतच नाहीत हो, चाळतात. लोक वेबसाईट कशी वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब निल्सन यांनी १९९७ मध्येच माणसं बसवून तपासलं होतं, ७९ टक्के लोक नवीन पान नुसतं चाळत होते, शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्के. तेव्हा तर हातात मोबाईलही नव्हता. म्हणून साईज, वजन, नग, पोच किती दिवसांत, हे पहिल्या स्क्रीनवर पाहिजे, आजोबा खाली आले तरी त्यांचा मान कमी होत नाही.

फोटोंचं तर विचारूच नका. प्लास्टिकच्या पिशवीतली घडी, तिच्यावर ट्यूबलाईट चमकतीय, आणि फाईलचं नाव आयएमजी पुढं पाच आकडे. चादर उघडा, काठ दाखवा, उलटी बाजू दाखवा, जॅकार्डची, म्हणजे मागावरच उठवलेल्या नक्षीची, वीण दिसेल इतक्या जवळून एक घ्या. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे त्याच भागातला माल असल्याचं सरकारी मानांकन, मिळालाय आणि तरी "सोलापुरी" म्हणून बाहेरचा माल विकला जातो, मग खरी कशी ओळखायची हे खऱ्या मालवाल्यानंच दाखवायला नको का?

दुसरी एक डोकेदुखी म्हणजे प्रेसमधून आलेला जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर. युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर नीट दिसणारा, नसतो, साईटवर टाकला की नुसती अगम्य अक्षरं, मग कुणीतरी हुशारी करून त्याची इमेजच चिकटवतं. ती अंधांना पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वाचत नाही, शोधात धड सापडत नाही, आणि हैदराबादच्या गिऱ्हाइकाला पान तेलुगूत करून बघायचं असेल तर इमेज तशीच राहते. पुन्हा टाईप करा, संध्याकाळभराचं काम आहे.

आणि "ताज्या घडामोडी" हा कप्पा कृपा करून मागू नका. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या शुभेच्छा कुठल्यातरी जुन्या सालच्या तशाच लटकलेल्या असतात, बघणाऱ्याला वाटतं कारखाना बंदच पडला. कोण बदलणार, कधी बदलणार हे ठरलं नसेल तर कप्पाच नको.

साईटवर मालाचा रेट टाकण्यावर मात्र अजून कुणाशी माझं जमलेलं नाही. "शेजारचा बघंल की." अहो शेजारी त्याच बाजारातून सूत घेतो, त्याला तुमचा रेट तुमच्याआधी माहिती असतोय! निदान "एवढ्यापासून सुरू" एवढं तरी टाका.

सध्या एका शेंगा चटणीवाल्या मावशींचं काम हातात घेतलंय. त्यांना म्हटलंय, लोगो नंतर बघू, आधी गिऱ्हाईक फोनवर काय काय विचारतंय ते आठवडाभर वहीत लिहून ठेवा. पहिल्याच दिवशीचं पान आलंय: किती दिवस टिकते, लसूण घालता का, पुण्याला कुरियरचे किती, आणि कमी तिखट मिळंल का. शेवटच्याला मावशींनी समोर स्वतःच लिहिलंय, "नाही."