सूट मागा की, पण आधी मागा

परवा चुलतभावाचा मेसेज आला. त्याच्या लेआउटमधला नऊ मीटरचा रस्ता शेजारच्या सर्व्हे नंबरच्या हद्दीवर जाऊन थांबतो, आता त्या मालकाने तिथे कंपाउंडची भिंत घातलीय आणि पाण्याचा टँकर आत आला की रिव्हर्समधेच बाहेर काढावा लागतो. खाली शेरा, "तुमच्याकडे बरंय गं, नियम म्हणजे नियम. इथे बिल्डरला सगळ्यातून सूट."

मला हसूच आलं. कारण त्याच आठवड्यात मी इथे अमेरिकेत आमच्या सिटीच्या प्लॅनिंग कमिशनच्या (नवीन बांधकामांवर निर्णय देणारं शहराचं मंडळ) हिअरिंगला अडीच तास बसून आले होते आणि ते अडीच तास फक्त सूट या एकाच विषयावर गेले. आमच्या घरामागच्या शेतावर ४२ घरांचं सबडिव्हिजन, म्हणजे प्लॉट पाडून नवी वसाहत, येतंय. डेव्हलपरला रस्ता ३२ फुटांऐवजी २४ फूट हवाय, फुटपाथ एकाच बाजूला हवाय, आणि आमच्या गल्लीला जोडणारा रस्ता तर नकोच, तिथे कल-डी-सॅक, म्हणजे टोकाला बंद गल्ली, चालेल म्हणे.

म्हणजे दादा, मागतात सगळेच. पण इथे जमीन अजून शेत असतानाच मागावं लागतं. शेताच्या कडेला हिअरिंगच्या सूचनेचा पिवळा बोर्ड लागला, आसपासच्या घरांना पत्रं आली (मला कळलं ते पत्रामुळेच), स्टाफचा रिपोर्ट आधी वेबसाइटवर. प्रत्येक मागणीला वेगळं कारण द्यायचं आणि ते जमिनीतलं हवं, म्हणजे उतार, ओढा, प्लॉटचा वेडावाकडा आकार. "खर्च वाढतो" हे एकटं कारण निदान कागदावर तरी चालत नाही.

फायरवाल्या साहेबांनी तर दोन मिनिटात विषय संपवला. बंबाला २० फूट मोकळे लागतात, २४ फुटी रस्त्याच्या दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की मधे उरतात जेमतेम १०-१२. आणि ३० च्या वर घरं असतील तर आत जायला दुसरा रस्ता हवा, नाहीतर प्रत्येक घरात आग लागली की पाणी फवारणारे स्प्रिंकलर बसवा.

खरं सांगायचं तर अरुंद रस्त्याच्या मी बाजूनेच आहे. ३२ फुटी रिकामा रस्ता दिसला की लोक गाड्या हाणतात, त्यापेक्षा एका बाजूला पार्किंग बंद करा आणि २६ फूट ठेवा, असं मी बोलायला मिळालेल्या माझ्या तीन मिनिटात बोलले पण. मला खटकलं ते वेगळंच. रस्ता जोडू नका म्हणून सगळ्यात जास्त ओरडत होते आमचेच शेजारी! आमच्या गल्लीच्या टोकाला कित्येक वर्षं लाल-पांढरं बॅरिकेड आहे, त्यावर स्पष्ट लिहिलंय की हा रस्ता पुढे वाढणार आहे. तो बोर्ड बघूनच सगळ्यांनी घरं घेतली, मीसुद्धा, आणि तिथली शांतता बघून मीही भुलले होतेच. आता बॅरिकेडसमोर बास्केटबॉलचा खांब आहे आणि "बाहेरची वाहतूक" आम्हाला नकोय. व्हर्जिनिया राज्याने तर २००९ मधे नियमच केला होता, नवीन सबडिव्हिजनचे रस्ते शेजारच्या रस्त्यांना जोडले नाहीत तर राज्य त्यांची देखभाल घेणार नाही. दोनच वर्षात तो बराच सैल करावा लागला.

आणि आपल्याकडे नियम नाही असं थोडंच आहे? डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे भाग सोडले तर महाराष्ट्रभर एकच युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे बांधकाम आणि विकासाची नियमावली, आहे, त्यातही लिहिलंय की खरोखर अडचण दाखवली तर लेखी परवानगीने मापात सवलत देता येते, फक्त आग, आरोग्य, सुरक्षितता याला धक्का लागता कामा नये. भाषा जवळपास इथलीच. पण आपल्याकडची मोठी सूट त्या दारातून येतच नाही, ती मागाहून आणि घाऊक येते, तिचं नाव नियमितीकरण. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट नियमित करायचा, कायदा २००१ चा, तेव्हा कटऑफ होती १ जानेवारी २००१, मग २०२१ मधे ती सरकवून ३१ डिसेंबर २०२० केली. गुंठ्याने जागा घेणाऱ्याला मी हसणार नाही, मंजूर प्लॉट परवडला असता तर त्याने तो घेतला नसता का? पण शुल्क भरून घर नियमित होतं, चार मीटरची बोळ काही त्याने रुंद होत नाही.

इथे सगळं सोवळं आहे असंही नाही हं. डेव्हलपरकडे कारणं सुबक लिहून द्यायला कन्सल्टंट होते, आमच्याकडे मोबाईलवरचे फोटो. सूट नाहीच मिळाली तर रस्ते प्रायव्हेट म्हणून दाखवायचे ही पळवाट बऱ्याच ठिकाणी असते, मग पुढे डांबरीकरणाचा खर्च सोसायटीच्या माथी.

शेवटी २६ फूट मंजूर झाले, एका बाजूला नो पार्किंग. फुटपाथ दोन्हीकडे. जोडरस्त्याचा निर्णय पुढच्या हिअरिंगला.

दादाला विचारलं, मंजूर लेआउटच्या नकाशात तो रस्ता पुढे जातोय का? म्हणाला, "नकाशा कोणाकडे आहे तेच कोणाला माहीत नाही."