कोरड्या पायांनी दर्यावर्दी व्हा

आपण ‘डेडलिएस्ट कॅच’ हा कार्यक्रम अद्याप पाहिला नसेल, तर आपल्या आयुष्यात अजून शेकडो तास रिकामे पडलेले आहेत असे समजावे आणि ते मार्गी लावण्याच्या कामाला आजच लागावे. एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेल्या या दूरचित्रवाणी मालिकेची २० पर्वे केव्हाच उलटून गेली आहेत. प्रत्येक पर्वात घडते ते एवढेच : अमेरिकेच्या अलास्का राज्यातील डच हार्बर बंदरातून काही नौका बेरिंग समुद्रात जातात, पोलादी सापळे पाण्यात सोडतात, ते पुन्हा वर ओढतात आणि त्यांत सापडलेले खेकडे मोजतात. एवढ्याशा गोष्टीसाठी रात्र कोण जागवील, असे आपणांस वाटेल. असे मीही म्हणत असे, आणि तेव्हा माझे चौथे पर्व चालू होते.

व्यसन जडवून घेण्यासाठी वेगळे कष्ट लागत नाहीत, सापळ्याची रचना समजली की पुरे. साधारण ७ फूट लांब-रुंद पोलादी चौकट, तिच्यावर जाळे, आत हेरिंग किंवा कॉड माशाचे आमिष, आणि वजन रिकामेपणीच ३०० किलोंच्या आसपास. खेकड्याला आत शिरणे सोपे जावे आणि बाहेर पडणे अवघड, अशी त्याची तोंडे असतात. कार्यक्रमाच्या निर्मात्यांनी प्रत्येक भागाची बांधणी नेमकी याच तत्त्वावर केली आहे. बोट सोडलेल्या सापळ्यापाशी परत येते, खलाशी आकडा फेकून त्याचा बोया, म्हणजे खुणेचा तरंगता गोळा, गाठतो, दोर यंत्राच्या चाकावर चढतो, पाण्याखाली काहीतरी फिकट हलताना दिसू लागते, आणि जाहिराती सुरू होतात. सापळा भरलेला की रिकामा, हे कळल्याशिवाय झोपी जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. तो भरलेला निघाला तर पुढचाही भरलेला असेल म्हणून पाहत राहावे, आणि रिकामा निघाला तर पुढचा तरी भरलेला असेल म्हणून. जुगाराच्या अड्ड्यावर याहून निराळे काही घडत नाही, पण तेथे निदान पैसे संपले की उठावे लागते.

पहिल्या काही रात्री उलटल्यानंतर आपणांस विद्वत्ता प्राप्त होईल. ती लपवून ठेवू नये. बेरिंग समुद्राच्या ब्रिस्टल उपसागरातला तांबडा किंग क्रॅब, म्हणजे तिथला मोठा खेकडा, ठेवून घ्यायचा तर तो नर असावा लागतो, त्याच्या कवचाची रुंदी किमान साडेसहा इंच भरावी लागते, आणि माद्या व पिल्ले पाण्यात परत सोडावी लागतात, हे घरातल्या प्रत्येकाला, त्यांनी विचारले नसले तरी, सांगावे. किंग क्रॅब हा शास्त्रदृष्ट्या खरा खेकडाच नव्हे, तर उसन्या शंखात राहणाऱ्या जीवांचा नातलग आहे, ही माहिती मात्र लग्नसमारंभासाठी राखून ठेवावी. मी ती एका पंगतीत सांगितली, आणि त्यानंतर माझ्या दोन्ही बाजूंची पाने रिकामी राहिली.

यापुढची पायरी म्हणजे नवशिक्या खलाशाचा न्याय करणे. प्रत्येक पर्वात कोणी तरी कोवळा मुलगा पहिल्यांदाच समुद्रावर येतो. तो आमिष भरतो, ओकतो, पुन्हा आमिष भरतो. झोपेविना २०-२० तास राबूनही त्याला पूर्ण वाटा मिळत नाही, कारण येथे पगार नसून मिळकतीतला हिस्सा असतो, आणि तोही डिझेल, आमिष व जेवणखाण यांचा खर्च वजा जाता उरेल त्यातला. असा मुलगा तिसऱ्या दिवशी डेकवर बसकण मारून रडू लागला, की आपण पांघरूण नीट गळ्यापर्यंत ओढून घ्यावे आणि ‘आजकालच्या पोरांत दमच नाही’ असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. हे वाक्य आडवे पडून म्हटल्यास अधिक वजनदार होते.

हवामानाबाबतही आपली भूमिका ठाम असली पाहिजे. जानेवारीत स्नो क्रॅब या दुसऱ्या जातीच्या खेकड्याच्या शोधात नौका उत्तरेकडे जातात, तेव्हा उडालेले तुषार कठड्यांवर आणि सापळ्यांच्या चळतीवर गोठत जातात, बोट वरून जड होऊ लागते आणि कलंडू नये म्हणून खलाशांना हातोड्यांनी तो बर्फ फोडत राहावे लागते. हे दृश्य आपण टक लावून पाहावे. याउलट ज्या भागात समुद्र शांत असतो, ऊन पडलेले असते आणि माणसे हसतखेळत सापळे उपसत असतात, तो भाग पुढे ढकलावा. अशा दिवशी खलाशी खूश असतात खरे, पण आपण काय त्यांच्यासाठी एवढे जागलो?

या कसोटीवर पाहता आपल्यासारख्या रसिकांवर सर्वांत मोठा अन्याय झाला तो २००५ मध्ये. तोवर खेकड्यांची शिकार ही शर्यत होती. हंगाम उघडला की सुमारे २५० नौका एकदम सुटत, आणि सगळ्यांची मिळून ठरलेली पकड गाठली जाताच हंगाम बंद होई. २००४ चा किंग क्रॅबचा हंगाम तर जेमतेम तीन दिवसांत आटोपला. वादळ असो वा ताप, थांबणे कोणाला परवडत नसे. जानेवारी २००५ मध्ये, म्हणजे पहिल्या पर्वाचे चित्रीकरण चालू असतानाच, ‘बिग व्हॅली’ ही नौका बुडाली आणि सहांपैकी एकच जण वाचला. तिच्यावर मर्यादेपेक्षा जास्त सापळे लादलेले होते. त्याच वर्षी सरकारने पकडीतला प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून दिला, नौकांची संख्या शंभराच्या आत आली, आणि कप्तानांना वादळ ओसरेपर्यंत थांबण्याची मुभा मिळाली. माणसे मरण्याचे प्रमाण घटले. अनेकांचा रोजगार गेला ही दुसरी बाजू आहेच, पण आपण तिच्यात पडू नये. आपली तक्रार निराळी आहे. ज्या कार्यक्रमाच्या नावातच मृत्यू आहे, त्याच्या व्यवसायात सुरक्षितता घुसवण्याआधी प्रेक्षकांना कोणी विचारले होते का? सुदैवाने निवेदकाचा आवाज आणि पार्श्वसंगीत यांना हा कायदा लागू नाही, आणि हातातून निसटलेला दोरही ते दोन्ही मिळून जीवघेणा करून दाखवतात.

खऱ्या दुःखाचीही तयारी ठेवावी. कार्यक्रमातल्या ‘कॉर्नेलिया मरी’ या नौकेचे कप्तान फिल हॅरिस यांना जानेवारी २०१० मध्ये खेकडे उतरवत असताना पक्षाघात झाला आणि पुढच्या महिन्यात ते गेले, कॅमेरे सोबत होतेच. तो भाग पाहून मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या काकांचे ऑपरेशन होते, असे हिने नंतर सांगितले.

शेवटी, सृष्टीवरही रागावण्याची वेळ येईल. २०२१ मध्ये तांबड्या किंग क्रॅबचा आणि २०२२ मध्ये स्नो क्रॅबचा हंगाम अलास्का सरकारने रद्द केला. समुद्र तापला, गार पाण्यातल्या या प्राण्यांची भूक वाढली, अन्न पुरेना, आणि १,००० कोटींहून अधिक स्नो क्रॅब नाहीसे झाले. हे वाचून सुजाण प्रेक्षकाच्या मनात पहिला प्रश्न यायला हवा तो असा, की मग पुढच्या पर्वात दाखवणार काय? कर्जाचे हप्ते भरणाऱ्या नौकामालकांचे काय, हा प्रश्न नंतर सुचला तरी चालेल.

एवढी साधना झाली की घरच्यांना आपले सामर्थ्य दिसू लागते. परवा पावसाची भुरभुर सुरू झाली आणि हिने आतून हाक मारली, “अहो, गच्चीवरचे कपडे काढता का?” मी खिडकीतून आभाळ पाहिले, वाऱ्याची दिशा अजमावली आणि अशा हवेत डेकवर माणूस पाठवणे योग्य नाही, असा निर्णय दिला. मग दार आपटल्याचा आवाज आला, जिन्यावर पावले वाजली, आणि पडद्यावर पाण्याखाली काहीतरी फिकट हलू लागले.