पाळणाघर साडेसातला बंद होतं

शनिवारी कट्ट्यावर कटिंग यायच्या आधीच बंड्या सुरू. "अरे नीट वाचा जरा, राज्य सरकारने दुकान-ऑफिसात दिवसाचे ९ चे १० तास केले तरी आठवड्याचे ४८ च आहेत, उगाच बोंबलताय. चार-पाच दिवस मान मोडून काम करा न मग घरी द्या ना टाईम." बंड्याने फोनमध्ये 'फॅमिली टाईम ८ ते ८.३०' असं लावून ठेवलंय, आणि त्या अर्ध्या तासात तो फोनच बघत बसतो हे त्याच्या बायकोनेच आम्हाला सांगितलंय.

मनी घाटकोपरला कामाला, सहाला सुटते, लोकलला लटकून डोंबिवलीला उतरते न तशीच पळत पोरीला घ्यायला. ती म्हणाली, "पाळणाघर साडेसातला बंद होतं. सातला सुटले तर दारात उभ्या असलेल्या काकूंना काय सांगू, आठवड्याचे ४८ च आहेत?"

बंड्या गप्प. मास्तर म्हणाले, ऑफिसात पाळणाघर मागायचं, २०१७ पासून कायद्यात आहे.

"५० माणसं लागतात मास्तर. आम्ही ३८."

मग मास्तरांनी तो २०२४ चा सरकारी सर्व्हे काढला, घरकामात बायकांची दिवसाला २८९ मिनिटं न पुरुषांची ८८. बंड्या खूश, "८८ काय वाईट नाय!"

"अरे ती जे पुरुष घरात काम करतात त्यांचीच सरासरी आहे, तू त्या मोजणीतच नाहीस," मनी म्हणाली.

मला माझी आई आठवली. लेडीज डब्यात उभ्याउभ्या गवार मोडायची, पिशवी मनगटाला अडकवून, आणि लोकं त्याचं कौतुक करायची, बायका कशा मॅनेज करतात बघा म्हणून. मला अजून राग येतो त्या कौतुकाचा. ती दमायची हो, घरी येऊन पंख्याखाली दोन मिनिटं पण बसायची नाही, आणि आम्ही विचारायचो जेवायला काय आहे.

बंड्या काय ऐकतो, मनीला म्हणतो, "तू कॉलेजातपण लेटच यायचीस, तुझं प्लॅनिंगच गंडलेलं."

"रात्री जागून तुझी जर्नलं कोण लिहायचं रे? सगळी, डायग्रामसकट. माझा टाईम तेव्हापासून खातोयस तू!"

तेवढ्यात बंड्याचा फोन वाजला, स्पीकरवरच घेतला गाढवाने. "दळण आणलंत का? गिरणी आठला बंद होते, सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय!"

आठला पाच कमी. बंड्या चहा तसाच टाकून सुटला, मागून अख्खा कट्टा ओरडतोय, "पळ बंड्या, ८८!"