उंटावर नक्की कोण बसलंय?

शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे आणि त्यांचे टेकू) आणि बांधकामाचं ऑनलाइन प्लॅनिंग टूल यांच्यावरच्या माझ्या मागच्या लेखाला ‘नियोजनकार’ या नावाने लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात म्हणणं असं: लेख म्हणजे जुन्या साइटवाल्याचं रडगाणं आहे. फ्लोटची, म्हणजे कामाला लांबायला किती सवड आहे त्याची, व्याख्या चुकली आहे. शटरिंगच्या किश्श्यात दोष टूलचा नाही, त्यात माहिती भरणाऱ्याचा आहे. नागपूर मेट्रोने फाइव्ह-डी बिम (बांधकामाच्या संगणकी मॉडेलला वेळ आणि खर्च जोडायची पद्धत) वापरलंच ना? आणि टूलमुळे नुकसान होतं म्हणता, तर एका तरी प्रकल्पाचे आधीचे-नंतरचे आकडे द्या. शेवटचं वाक्य: ‘उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, काका.’

चूक आधी कबूल करतो, नंतर कुणी म्हणायला नको. टोटल फ्लोट लिहायचं तिथे मी फ्री फ्लोट लिहिलं. काम जितकं लांबलं तरी प्रकल्पाची शेवटची तारीख हलत नाही तो टोटल. पुढच्या कामाची लवकरात लवकरची सुरुवातही हलत नाही तो फ्री. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता उंट.

२००३ साली डिप्लोमा करून मी वाकडच्या एका साइटवर लागलो. कुंपणापलीकडे तेव्हा ऊस उभा होता. पहिले सहा महिने गोण्या मोजल्या आणि चाचणीसाठीच्या काँक्रीट क्यूबवर खडूने तारखा घातल्या. स्लॅबच्या रात्री पंप तुंबला की पाइपलाइनवर हातोडी ठोकत जायचं. आवाज खणखणीत आला तर पुढे, बद्द आला तर चोक तिथेच. पहाटे तीनला क्लॅम्प खोलायचा, आतला गोळा बाहेर काढायचा आणि रांगेत उभ्या मिक्सरवाल्यांच्या शिव्या खायच्या. सिमेंटच्या पाण्याने बोटांच्या पेरांना भोकं पडतात, आठवडाभर वरण-भात कालवताना झोंबतात. हा उंट असेल तर फारच बुटका उंट होता साहेब.

आणि ‘काका’ कशासाठी? वयाने मी मोठा असेनही. पण तुम्ही माझे पुतणे नाही, आणि त्या शब्दात आदर किती आणि टोमणा किती हे कळण्याइतकं मराठी मला येतं. मुद्दा मांडायचा तर मुद्दा मांडावा. मला शिकवायला तुम्ही ‘क्रिटिकल पाथ १९५७ पासून आहे’ असंही लिहिलंत. आहे. जी कामांची साखळी लांबली की अख्खा प्रकल्प लांबतो ती शोधायची ही पद्धत ड्युपॉन्ट या रसायन कंपनीतल्या कामांसाठी वॉकर आणि केली यांनी बसवली, हे आम्हालाही डिप्लोमाला होतं. त्यांचे फिटर छठपूजेला दहा दिवस गावी जात नव्हते, एवढाच फरक.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी किस्सा पुन्हा सांगतो. दोन विंगची इमारत. रोजचा डीपीआर, म्हणजे कामाच्या प्रगतीचा अहवाल, ऑनलाइन भरला की टूल लाल-पिवळं-हिरवं दाखवायचं आणि सल्लाही द्यायचं. एका सकाळी सल्ला आला: बी विंगच्या चौथ्या स्लॅबचे प्रॉप (स्लॅबखालचे टेकू) मोकळे झालेत, ते ए विंगला हलवा, चार दिवस वाचतील. ए विंग क्रिटिकल पाथवर, त्यामुळे हेड ऑफिस खूश. त्या दिवशी स्लॅबला आठ दिवस झाले होते. मुकादम मोबाइलकडे न बघताच म्हणाला, ‘साहेब, हॉल मोठा आहे.’ टेप लावली, स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, ५.२ मीटर. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप ७ दिवसांनी काढता येतात, त्यापुढे १४. टूलच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या तक्त्यात, सगळ्या स्लॅबना सरसकट ७ होते. प्रॉप जागेवर राहिले, चार दिवस वाचले नाहीत, आणि मंगळवारच्या मीटिंगमध्ये ‘साइट सहकार्य करत नाही’ हे ऐकावं लागलं. मुकादमाला कुणी शाबासकी दिली नाही. स्क्रीनवर त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

तरी तुम्ही म्हणणार, टूलचा काय दोष? बरं, नसेल. पण हिरवा रंग बघून जो माणूस टेप लावायचा थांबतो त्याचं काय करायचं, ते सांगा. तो मी रोज बघतो. नवीन मुलं हुशार आहेत, पण प्रॉपला हात लावायच्या आधी मोबाइलला लावतात.

नागपूर मेट्रोबद्दल: त्यांनी वापरलं, चांगलंच केलं. आमच्या साइटवर प्लॅनिंगला एकच माणूस होता आणि खरेदीच्या फोनांनाही तोच उत्तर द्यायचा. तुलनाच होत नाही. ‘आकडे द्या’ म्हणाल तर मी साइटवर नोकरी केली, पीएचडी नाही.

राहता राहिलं ते टेम्प्लेट कुणी भरलं होतं, हे. प्रतिक्रियेत तुम्ही तीनदा विचारलंय, तीनदा! प्लॅनिंगचा मुलगा त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेला होता, आणि ऑफिसचा तगादा होता म्हणून एका संध्याकाळी घाईघाईत कुणीतरी सगळीकडे ७ टाकून दिले. साइट ऑफिसात लॅपटॉप दोनच होते. त्यातला एक त्याच्याबरोबर लग्नाला गेला होता.